गुहावासी रातकिडा (बेळगाव सीमाभाग)

गुहा, भुयारे व ओलसर कपारींत राहणारे, लांब पायांचे आणि शरीराच्या कित्येक पट लांब शृंगिका (मिशा) असलेले ऋजुपंखी (टोळ-रातकिड्यांच्या गणातील) कीटक. बेळगाव जिल्ह्यात त्यांचा विचार मुख्यतः खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडील जंगलपट्ट्याच्या, विशेषतः तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांच्या संदर्भात करावा लागतो. हा भाग २०११ मध्ये घोषित झालेल्या भीमगड अभयारण्यात येतो. ऑटोमॉप्स रॉटनी हे वटवाघूळ (वर्णन : टॉमस, १९१३) येथलेच, दीर्घकाळ ते जगात अन्यत्र कोठेही नोंदलेले नव्हते. वटवाघळांची विष्ठा, तीवरील बुरशी व मेलेले कीटक हे अशा गुहांतील रातकिड्यांचे अन्न.

वर्गीकरण : या नावाखाली परस्परांशी दूरचे नाते असलेली दोन कुले येतात. रॅफिडोफोरिडी कुलातील कीटक पाठीला कुबड असलेले, पूर्ण पंखहीन व मूक असतात. भारतातील त्यांच्या नोंदी प्रामुख्याने ईशान्येकडील व हिमालयातील आहेत. फॅलँगॉप्सिडी हे खऱ्या रातकिड्यांपैकी. जुने ग्रंथकार त्याला ग्रिलिडीचे (सामान्य रातकिड्यांच्या कुलाचे) उपकुल मानतात. रेणवीय पुराव्यावर आधारलेल्या अलीकडच्या मांडणीत त्याला स्वतंत्र कुलाचा दर्जा मिळतो व तीच मांडणी अधिक ग्राह्य वाटते. भारतीय गुहांतील केंपिओला ही प्रजाती (जवळच्या जातींचा समूह) याच गटातील. फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ शोपार यांनी १९२४ मध्ये आसाम व ब्रह्मदेशातील गुहांमधल्या ऋजुपंखींचे वर्णन केले. बस्तरच्या कोटुमसर गुहेतील केंपिओला शंकरी हिचे वर्णन १९७७ चे. शोपार यांचा ‘फॉना ऑफ इंडिया’ मालेतील १९६९ चा खंड केवळ ग्रिलॉयडियापुरता (खऱ्या रातकिड्यांच्या अधिकुलापुरता) असल्याने रॅफिडोफोरिडीसाठी तो उपयोगी पडत नाही.

ओळख : पंख नाहीत, आवाज नाही, एवढ्यावरून कुल ठरवणे धोक्याचे आहे. फॅलँगॉप्सिडीतही पुष्कळ जाती पंखहीन व मूक आहेत आणि पिलांना तर कोणत्याही कुलात पूर्ण पंख नसतात. भरवशाची खूण पायाच्या टोकाशी सापडते. गुल्फाचे (पायाच्या टोकाकडील पाऊलवजा भागाचे) खंड तीन असतील तर फॅलँगॉप्सिडी. चार असून गुल्फ बाजूंनी चपटा व खाली गादीविना असेल तर रॅफिडोफोरिडी. मादीचा अंडनिक्षेपक (अंडी घालण्याचा अवयव) फॅलँगॉप्सिडीत भाल्यासारखा बारीक व सरळ, रॅफिडोफोरिडीत चपटा आणि वर वळलेला असतो. हे दहापट भिंगाखाली दिसते, त्यामुळे कुलापर्यंतचा निर्णय जागेवरच होऊ शकतो.

जातीपर्यंत जाण्यासाठी मात्र प्रौढ नर लागतो. फॅलँगॉप्सिडीत नराच्या जननांगांचे कठीण भाग निर्णायक ठरतात. रॅफिडोफोरिडीत त्यांच्या जोडीने उदराच्या शेवटच्या पृष्ठखंडांची (पाठीकडच्या खंडांची) ठेवणही पाहतात. रंग, ठिपके व पायांची लांबी यांना दुय्यम महत्त्व द्यावे. अंधारातील जीवनामुळे ही लक्षणे असंबंधित गटांतही सारखी होतात. केवळ छायाचित्रावरून किंवा एकट्या पिलावरून जातिनाम देऊ नये. नमुना अल्कोहॉलमध्ये ठेवावा व त्याच्या चिठ्ठीवर गुहेच्या तोंडापासूनचे अंतरही लिहावे, कारण तोंडाशी राहणाऱ्या व खोल अंधारातल्या जाती वेगळ्या असू शकतात. अभयारण्यातून नमुने घेण्यास कर्नाटक वनविभागाची पूर्वपरवानगी आवश्यक असते.