बुकिंग रद्द होतं, पैसे परत येतीलच असं नाही

पगाराची खात्री नसलेल्या वर्षात उन्हाळ्याची सहल ठरवताना सगळ्यांची नजर आधी दराकडे जाते. त्याआधी एक पाहावं: ऐनवेळी जाणं जमलं नाही, तर किती पैसे बुडतील? इथेच दोन सोयींची गल्लत होते. बुकिंग रद्द करता येणं आणि भरलेले पैसे परत मिळणं.

रद्द करता येतं याचा अर्थ एवढाच, की तुम्ही ‘येत नाही’ म्हणालात आणि कंपनीने ते मान्य केलं. पैशांचं पुढे काय, हे वेगळ्या कलमात असतं. कधी पूर्ण रक्कम येते, कधी कपात होऊन, तर कधी फक्त ‘क्रेडिट’ मिळतं. तेही त्याच कंपनीकडे, ठरावीक मुदतीत वापरायचं. नोकरी गेलेल्या माणसाला त्या क्रेडिटमधून घरभाडं भरता येत नाही! २०२०मध्ये कोविडमुळे विमानं जमिनीवरच उभी राहिली, तेव्हा कित्येक देशांतल्या प्रवाशांच्या हाती रोख रकमेऐवजी अशी व्हाउचरच पडली.

रिफंडेबल बुकिंगमध्ये पैसे सहसा ज्या कार्डावरून गेले त्यावरच परत येतात. तरी संकेतस्थळाचं सेवाशुल्क त्यातून वगळलेलं असू शकतं आणि परकी चलनात भरलं असेल तर विनिमय दराचा फरकही पडतो. हॉटेलच्या ‘मोफत रद्द’ला मुदत असते, आणि ती बहुधा हॉटेलच्या गावच्या घड्याळाने मोजतात, तुमच्या नव्हे.

रद्द कोण करतं, यावरही बरंच ठरतं. युरोपीय संघाच्या २६१/२००४ या नियमानुसार विमान कंपनीनेच उड्डाण रद्द केलं आणि प्रवाशाने परतावा मागितला, तर पैसे ७ दिवसांत द्यावे लागतात. व्हाउचर द्यायचं तर प्रवाशाची सही लागते. म्हणून उड्डाण रद्द होण्याची चिन्हं दिसत असतील, तर घाईने स्वतःच तिकीट रद्द करू नये.

प्रवास विमा हा तिसराच प्रकार. साध्या पॉलिसीत यादीत दिलेल्या कारणांपुरतीच भरपाई मिळते आणि ‘हात आखडला’ हे कारण त्या यादीत नसतं.

मग रिफंडेबलसाठी जास्त मोजायचे का? साधं तिकीट १००ला आणि रिफंडेबल १२०ला आहे असं धरा. न जाण्याची शक्यता सहात एकापेक्षा जास्त असेल, तरच वरचे २० सरासरीने वसूल होतात. नोकरी डळमळीत असेल तर मी ते देईन, एरवी नाही. मुक्कामाचं गणित सोपं आहे: पोहोचल्यावर पैसे द्यायची सोय असलेली खोली शोधा, म्हणजे परताव्याची वाट पाहायची वेळच येत नाही. मात्र न कळवता गैरहजर राहिल्यास हॉटेल कार्डावर शुल्क लावू शकतं, तेव्हा रद्द करायच्या शेवटच्या तारखेचा गजर फोनवर आजच लावून ठेवा.