पांढऱ्या ताटलीमागचा इतिहास

चिनी मातीची ताटली उलटी करून पाहिली, तर बहुतेक वेळा तिच्या बुडाशी झिलई (काचेसारखा चकचकीत थर) नसलेली, किंचित खरखरीत अशी गोल कड बोटाला लागते. भट्टीच्या आचेत झिलई वितळते आणि भांडे ज्या फळीवर टेकलेले असते तिला चिकटून बसते, म्हणून टेकणारा तेवढा भाग कोरडा सोडावा लागतो. ही कडही झिलईने झाकलेली असेल, तर भांडे भाजताना तीन बारीक टोकांवर पेललेले होते असे समजावे. नीट पाहिल्यास त्या टोकांचे तीन ठिपके बुडावर सापडतात. जेवणाच्या सिरॅमिक भांड्यांच्या घडणीत भट्टीच्या अटींमुळे ठरलेल्या अशा अनेक गोष्टी आहेत, आणि त्या अटी पाळत पांढरेशुभ्र, टणक भांडे बनवण्याच्या खटपटीतच या भांड्यांचा हजार-बाराशे वर्षांचा इतिहास घडला आहे.

भाजलेल्या मातीची भांडी त्याहून कितीतरी जुनी आहेत. चीनच्या जियांग्शी प्रांतातील शियानरेनडोंग गुहेत मिळालेली खापरे सुमारे २०,००० वर्षांपूर्वीची, म्हणजे शेती सुरू होण्याच्याही आधीची आहेत. अशी साधी माती साधारणपणे १,१५० अंश सेल्सिअसच्या आतच भाजली जाते आणि सच्छिद्र राहते, त्यामुळे झिलईवाचून तिच्यात पाणी झिरपते. १,२०० अंशांच्या पुढे योग्य माती घट्ट होऊन दगडासारखी बनते. हे झाले स्टोनवेअर. पोर्सिलेनला, म्हणजे अस्सल चिनी मातीच्या भांड्याला, मात्र पांढरी केओलिन माती आणि फेल्डस्पारसारखा वितळणारा खनिजांश, असे दोन्ही लागतात. केओलिन उष्णतेत आकार धरून ठेवते आणि वितळलेला खनिजांश तिच्या कणांमधील पोकळ्या काचेने भरून काढतो. भांडे पातळ असेल तर उजेड आरपार दिसतो, तो या काचेमुळेच. सुकताना आणि भाजताना मिळून ते एकदशांशाहून अधिक आक्रसते, म्हणून साचा नेहमी हव्या त्या मापापेक्षा मोठा घ्यावा लागतो.

केओलिन आणि पोर्सिलेनचा दगड (वितळणारा खनिजांश पुरवणारा खडक) एकमेकांजवळ मिळण्याचे भाग्य चीनमधील जिंगडेझेनला लाभले. चौदाव्या शतकात, युआन राजवटीत, तिथे पांढऱ्या अंगावर निळी नक्षी काढून वरून पारदर्शक झिलई देण्याची पद्धत स्थिरावली. निळा रंग निवडण्यामागे आवडीइतकीच अडचणही होती: झिलईखालचे बहुतेक रंग एवढ्या आचेत उडून जातात किंवा बिघडतात, कोबाल्ट मात्र टिकतो. तो कोबाल्ट त्या काळी इराणकडून येत असे. जगभरातल्या कपाटांत निळ्या-पांढऱ्या भांड्यांचा एवढा भरणा का, याचे उत्तर पुष्कळसे या रसायनात आहे.

व्यापार मात्र त्याआधीच सुरू झाला होता. इंडोनेशियातील बेलितुंग बेटाजवळ १९९८ मध्ये सापडलेल्या नवव्या शतकातील जहाजात सुमारे ६०,००० चिनी भांडी होती आणि त्यांतील बहुसंख्य चांगशा येथील वाडगे होते. पश्चिम आशियात अशी भांडी पोहोचल्यावर बसरा येथील कारागिरांनी त्यांची नक्कल करायला घेतली. केओलिन हाताशी नसल्यामुळे त्यांनी पिवळसर मातीवर कथिलयुक्त, अपारदर्शक पांढरी झिलई चढवली. ही युक्ती पुढे स्पेन, इटली आणि हॉलंडमधील डेल्फ्टपर्यंत गेली. तिचा दोष एकच, पण मोठा: काठाचा टवका उडाला की आतली माती उघडी पडते. असे असले तरी या नकलांना केवळ नकला म्हणणे मला पटत नाही, कारण बसरा आणि डेल्फ्ट या दोन्ही ठिकाणच्या भांड्यांना मूळ चिनी भांड्यांत नसलेले स्वतःचे वळण आहे.

चिनी घडणही गिऱ्हाइकाप्रमाणे बदलत गेली. १६३५ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीने युरोपीय आकारांचे लाकडी नमुने चिनी कारागिरांकडे पाठवले, कारण रुंद सपाट काठाची ताटली किंवा मिठाचे भांडे चिनी जेवणात नव्हते. चहाच्या चिनी वाटीला कान नसे; कपाला कान लावण्याची रीत युरोपात रुजली आणि तिने कुंभारांचे काम वाढवले, कारण वेगळा घडवून पातळ चिखलाने चिकटवलेला कान हा भाजताना तडा जाण्याची पहिली जागा असतो. सतराव्या शतकाच्या मध्यात मिंग राजवट कोसळून जिंगडेझेनचा पुरवठा खंडित झाला, तेव्हा डचांनी जपानमधील अरिता येथून माल उचलला.

युरोपला खऱ्या पोर्सिलेनची कृती सापडली ती जर्मनीतील सॅक्सनीत. सोने बनवू शकतो असा दावा करणाऱ्या योहान फ्रीडरिश ब्योटगर या तरुणाला राजा ऑगस्टसने नजरकैदेत ठेवले होते. भिंगांनी सूर्यकिरण एकवटून खनिजे वितळवण्याचे प्रयोग करणाऱ्या एरेनफ्रीड वाल्टर फॉन चिर्नहाउस यांच्याबरोबर काम करताना तो आधी तांबड्या स्टोनवेअरपर्यंत आणि १७०८ मध्ये पांढऱ्या पोर्सिलेनपर्यंत पोहोचला. चिर्नहाउस त्याच वर्षी वारले आणि श्रेय मुख्यतः ब्योटगरच्या नावावर जमा झाले, जे आज तितकेसे न्याय्य वाटत नाही. १७१० मध्ये माइसेनच्या किल्ल्यात कारखाना उभा राहिला. पहाऱ्यात ठेवलेले हे गुपित दहा वर्षांच्या आत फुटून व्हिएन्नाला पोहोचले. फ्रान्समध्ये तोवर दळलेली काच मिसळून मऊ पोर्सिलेन बनवत. लिमोजजवळ केओलिन सापडल्यावर १७६८ नंतर तिथेही खरे पोर्सिलेन होऊ लागले.

इंग्लंडने वेगळी वाट धरली. गुरांच्या हाडांची राख मातीत मिसळण्याचे प्रयोग अठराव्या शतकाच्या मध्यापासून चालू होते आणि शतकाच्या अखेरीस स्पोड घराण्याच्या कारखान्यात बोन चायनाची कृती पक्की झाली: सुमारे निम्मी हाडांची राख, पाव हिस्सा केओलिन आणि पाव हिस्सा कॉर्नवॉलचा दगड (फेल्डस्पार असलेला खडक). खऱ्या पोर्सिलेनची पहिली भाजणी मंद आणि झिलईची भाजणी कडक असते; बोन चायनात हा क्रम उलटा आहे. पहिल्या कडक भाजणीत भांडे इतके मऊ पडते की आधार नसेल तर ते वाकडे होते. त्या आधारासाठी पूर्वी गारगोटीची भुकटी वापरत आणि तिच्या धुळीने कितीतरी कामगारांची फुप्फुसे निकामी झाली. पुढे तिच्या जागी निर्धोक अॅल्युमिना (अॅल्युमिनियमचे ऑक्साइड) आला. नाजूक दिसणारे बोन चायना प्रत्यक्षात बरेच मजबूत असते, ही बाब पुष्कळांना आजही खरी वाटत नाही.

सामान्य घरांपर्यंत मात्र आधी पोहोचली ती मलईच्या रंगाची साधी मातीची भांडी. इंग्लंडमधील कुंभार-कारखानदार जोसाया वेजवूड यांनी ती सुधारली, १७६५ मध्ये राणी शार्लट यांच्यासाठी त्यांचा चहाचा संच पुरवला आणि मग त्या भांड्यांना राणीचेच नाव दिले. रशियाच्या सम्राज्ञी कॅथरीन दुसऱ्या यांच्यासाठी १७७४ मध्ये पूर्ण झालेल्या त्यांच्या संचात ९५२ नग होते. भट्टीची उष्णता मोजण्यासाठी मातीच्या तुकड्यांचे आक्रसणे मोजणारे साधनही त्यांनीच तयार केले. याच सुमारास तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली नक्षी कागदावर छापून ती भांड्यावर उतरवण्याचे तंत्र आले. जुन्या निळ्या ताटलीच्या काठावरची वेलबुट्टी एके ठिकाणी नीट जुळत नसेल, तर तो कागदाच्या तुकड्यांचा सांधा असतो. विलोच्या झाडाची सुप्रसिद्ध ‘चिनी’ नक्षी अशाच छापील कामातून इंग्लंडमध्ये तयार झाली. तिच्यामागची प्रेमकथा विक्रीसाठी नंतर रचली गेली.

विसाव्या शतकात नक्षी ओसरली आणि रचण्याची सोय महत्त्वाची ठरली. काय फ्रांक यांनी फिनलंडमध्ये १९५३ साली बाजारात आणलेली ‘किल्ता’ भांडी ठरलेल्या संचाऐवजी सुटी घेता येत. १९५९ मध्ये जर्मनीतील उल्म येथील हान्स रोएरिख्ट यांनी उपाहारगृहांसाठी आखलेल्या ‘टीसी १००’ संचातील भांडी एकमेकांवर घट्ट बसत आणि कमी जागेत मावत.

झिलईच्या रसायनाचा प्रश्न मात्र अजून पुरता मिटलेला नाही. शिशामुळे झिलई कमी आचेत वितळते आणि चकाकते, म्हणून शतकानुशतके ते सर्रास वापरले गेले. अमेरिकेत १९३६ पासून विकल्या गेलेल्या ‘फिएस्टा’ भांड्यांच्या लाल झिलईत तर युरेनियमचे संयुग होते. दुसऱ्या महायुद्धात सरकारने युरेनियम ताब्यात घेतल्यामुळे तो रंग काही वर्षे बंद राहिला. आज भांड्यात ४ टक्के अॅसिटिक आम्ल भरून २४ तास ठेवतात आणि त्यात उतरलेले शिसे व कॅडमियम मोजतात. झिलईच्या वर रंगवलेली नक्षी झिलईखालच्या नक्षीपेक्षा आम्लाला लवकर बळी पडते. त्यामुळे वरून रंगवलेल्या, विशेषतः रंग हाताला उंच लागणाऱ्या जुन्या भांड्यांत आंबट पदार्थ साठवून ठेवू नयेत.