गाठ खरी, पण कसली?

पोटात उजव्या बाजूला खाली हाताला लागणारी गाठ. उतरलेलं वजन, अधूनमधून शौचावाटे रक्त. सोनोग्राफीच्या कागदावर ‘मास’ हा शब्द दिसला की सिंधुदुर्गातल्या घरात पुढचं वाक्य ठरलेलं: “मगे टाटाक जावचा लागतला.” परळचं हे रुग्णालय १९४१ साली सुरू झालं. आज गावाकडे ‘टाटा’ म्हटलं की कॅन्सर हा शब्द उच्चारावाच लागत नाही.

पण मोठ्या आतड्याच्या सुरुवातीलाच, जिथे लहान आतडं येऊन मिळतं तिथे, कॅन्सरचं सोंग घेणारे दोन जुने आजार बसतात. एक आतड्याचा टीबी. दुसरा आपल्या ओळखीच्या आमांशाचा अमीबा.

हा अमीबा फ्योदर ल्योश या डॉक्टरांना १८७५ साली रशियातल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये एका रुग्णाच्या शौचात दिसला. पुढे त्याला ‘हिस्टोलिटिका’ हे नाव मिळालं, म्हणजे ऊतक विरघळवणारा. तो आतड्याच्या अस्तरात शिरून व्रण करतो. बहुतेकांचं दुखणं तिथेच आटोपतं. काही थोड्यांच्या बाबतीत मात्र व्रण धुमसत राहतो, शरीर त्याच्याभोवती सूज आणि तंतूंचे थर चढवत जातं आणि भिंत जाडजूड होऊन आतली वाट अरुंद होते. हीच अमीबाची गाठ, ‘अमीबोमा’. बेरियमच्या एक्स-रेत ती खाऊन उरलेल्या सफरचंदाच्या गाभ्यासारखी दिसू शकते. कॅन्सरही नेमका तसाच दिसतो. दुर्बीण घातली तर व्रण, आणि स्पर्श होताच रक्त. नुसत्या डोळ्यांनी पाहून मुरलेला सर्जनही इथे फसतो, त्यात त्याची चूक नाही.

उलगडा होतो तो तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर. रुग्णाच्या तांबड्या रक्तपेशी गिळून बसलेला अमीबा दिसला की चोर मुद्देमालासकट सापडला. पण तुकडा व्रणाच्या नेमक्या जागेचा नसेल तर तो हाती लागत नाही, म्हणून अनेक तुकडे घेतात. टीबीतही हीच अडचण, फक्त उपचार साधारण सहा महिन्यांचा. अमीबोमा मात्र मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्यांनी काही आठवड्यांत विरत जातो. मागोमाग आतड्यात उरलेल्या कवचधारी अमीबांसाठी वेगळं औषध लागतं. ते घ्यायचं बरेच जण विसरतात.

घाईने ऑपरेशन केलं तर? अमीबाने पोखरलेल्या भिंतीत टाके धरत नाहीत. आणि आतड्याची साधी सूज समजून स्टेरॉइड दिलं, तर आतडं फुटण्यापर्यंत मजल जाऊ शकते.

आपली घरगुती निदानं दोनच: रक्त पडलं की मूळव्याध, गाठ लागली की कॅन्सर. लहान मुलाला न दुखता रक्त जातं तेव्हा बऱ्याचदा देठावर लोंबणारा एखादा निरुपद्रवी कोंब, म्हणजे पॉलिप, निघतो. मोठ्यांचे काही पॉलिप मात्र वर्षानुवर्षांनी कॅन्सर होतात, म्हणून ते दुर्बिणीतूनच कापून तपासायला पाठवतात. ही सोय १९६९ पासूनची.

कोकणाला अमीबाची काळजी थोडी जास्तच हवी. वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि खाली सच्छिद्र जांभा. शौचालयाचा शोषखड्डा विहिरीला खेटून असेल तर पाणी झिरपत तिथवर पोचतं. कवचातला अमीबा मिलिमीटरच्या जेमतेम शंभराव्या भागाएवढा. फडक्यातून गाळून तो अडत नाही, विहिरीत टाकलेल्या टीसीएलच्या (ब्लीचिंग पावडरच्या) नेहमीच्या मात्रेलाही तो बऱ्यापैकी दाद देत नाही. उकळलं की मरतो.

गोळ्यांनी गाठ विरली तरी काही आठवड्यांनी दुर्बीण पुन्हा घालावीच लागते. एकाच आतड्यात अमीबा आणि कॅन्सर शेजारी शेजारी असू शकतात, आणि गोळ्यांनी विरतो तो फक्त पहिला.