सिस्टिम, साइट की नुसता रिपीटर: डिजिटल रेडिओच्या नोंदींमागची पार्श्वभूमी

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर हॅम, म्हणजे परवाना घेतलेल्या हौशी रेडिओ मंडळींनी लातूर-उस्मानाबाद भागातले निरोप पोहोचवले, तेव्हा आवाज ॲनालॉग होता. रिपीटर म्हणजे ऐकलेला संदेश पुन्हा दूरवर पाठवणारे यंत्र. त्याची नोंद वहीच्या एका ओळीत मावायची: फ्रिक्वेन्सी, शिफ्ट (ऐकण्याच्या आणि बोलण्याच्या फ्रिक्वेन्सीतला फरक), टोन (रिपीटर उघडणारा सूर), गाव. हौशी मंडळींचे सुरुवातीचे डेटाबेस म्हणजे ह्याच वहीची संगणकावरची प्रत. डिजिटल रिपीटर त्यात कसा नोंदवायचा, हा इथला वाद.

डीएमआर (डिजिटल मोबाइल रेडिओ) आला आणि ती ओळ पुरेनाशी झाली. युरोपातल्या एका मानक संस्थेने २००५ मध्ये ते मानक प्रसिद्ध केले, तेही व्यावसायिक वॉकीटॉकींसाठी. हॅमनी ते नंतर उचलले. साडेबारा किलोहर्ट्झच्या एकाच चॅनेलवर ३०-३० मिलिसेकंदांचे दोन टाइमस्लॉट (आळीपाळीने येणारे वेळेचे तुकडे), टोनच्या जागी ० ते १५ पैकी एक कलर कोड, स्लॉटवर टॉकग्रुप (आकड्याने ओळखला जाणारा बोलणाऱ्यांचा गट) आणि बोलणाऱ्याचा सात आकडी आयडी, जो भारतात ४०४ ने सुरू होतो. कलर कोड चुकला की रिपीटर दादच देत नाही. म्हणून तो रकाना कोरा असलेली नोंद नवख्याच्या काहीच कामाची नाही.

खरा घोळ घातला तो ‘सिस्टिम’ या शब्दाने. डेटाबेसमध्ये तो ट्रंकिंगकडून आला, म्हणजे मोजके चॅनेल अनेकांनी वाटून वापरण्याच्या पद्धतीकडून. तिथे कंट्रोल चॅनेल अखंड चालू असतो. सिस्टिम कोणती, साइट (टॉवरचे ठिकाण) कोणती हे तो हवेतच सांगतो आणि प्रत्येक कॉलला मोकळा चॅनेल नेमून देतो. सिस्टिमच्या पोटात साइट, साइटच्या पोटात फ्रिक्वेन्सी, ही उतरंड यंत्रणेतच आहे. हॅमचा डीएमआर रिपीटर सहसा ट्रंक नसतो. त्याची फ्रिक्वेन्सी ठरलेली. इंटरनेटवरून तो रिपीटरांच्या एखाद्या जाळ्याला जोडलेला असेलही, पण जाळे कोणते हे कलर कोडवरून कळत नाही. तरीही साचा तयार होता, म्हणून अख्ख्या जाळ्याला ‘सिस्टिम’ आणि प्रत्येक रिपीटरला ‘साइट’ म्हणण्याची पद्धत पडली. विरोधकांचे म्हणणे असे की स्कॅनरला (फक्त ऐकणाऱ्या रेडिओला) तो साधा रिपीटरच आहे, तर तो साध्या यादीतच राहू द्या.

हा नुसता शब्दांचा वाद नाही. टॉकग्रुप रिपीटरखाली लिहिले तर जगभरच्या गप्पांचा टॉकग्रुप ९१ प्रत्येक रिपीटरखाली पुन्हा लिहावा लागतो; एका ठिकाणी दुरुस्ती केली तरी बाकीच्या नोंदी जुन्याच राहतात. जाळ्याखाली एकदाच लिहिले तर ९ अडतो. ९ हा रूढीने स्थानिक गप्पांचा. नांदेडला एक आणि लातूरला एक रिपीटर धरला, तर दोन्हीकडे आकडा ९, पण एकीकडचे बोलणे दुसरीकडे ऐकू येणार नाही. माझ्या मते टॉकग्रुपचा अर्थ जाळ्याखाली लिहावा. तो कोणत्या स्लॉटवर आहे हे मात्र रिपीटरखालीच, कारण ते रिपीटर चालवणारा ठरवतो. ‘सिस्टिम’ हा शब्द ट्रंकिंगपुरता ठेवावा.

मराठवाड्यात यात गावाच्या नावाची भर पडली. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले. गावाचे नाव हीच नोंदीची ओळख असेल, तर एकाच टॉवरच्या दोन नोंदी व्हायला वेळ लागत नाही. ग्रिड लोकेटर (नकाशावरच्या चौकोनाचे सांकेतिक नाव) मात्र हलला नाही: संभाजीनगर शहर एमके७९, लातूर एमके८८, नांदेड एमके८९. नाव कोणतेही लिहा, नोंद बांधायची ती या चौकोनाला आणि फ्रिक्वेन्सीला. शेजारी शेवटचे कधी ऐकले ती तारीख हवीच, कारण स्लॉटवरचे टॉकग्रुप टॉवरवर न चढताही बदलता येतात.