तोफेमागून आलेला कॅमेरा: चीनच्या जुन्या शहरांच्या फोटोंची पार्श्वभूमी

शिआनची मिंग काळातली तटबंदी १३ किलोमीटरहून लांब आहे आणि जवळजवळ सलग उभी आहे. संध्याकाळी तिच्या आसपासच्या गल्ल्यांत एकच धंदा जोरात असतो: जुन्या राजवटींच्या थाटाचा पोशाख भाड्याने, केशरचना, मेकअप, सोबत फोटोग्राफर आणि रिफ्लेक्टर धरायला एक पोरगा. तांग काळातल्या राजकन्या एकामागून एक जिना चढत असतात, आणि रेशमी घेर जरा वर झाला की खाली स्पोर्ट्स शूज दिसतात. लोयांगच्या नव्याने बांधलेल्या यिंगत्येन दरवाज्यापुढेही हेच. बाहेरच्या पर्यटकाला हे सगळे रील्सच्या जमान्याचे खूळ वाटते. खूळ आहेच, पण त्याला इतिहास आहे. चीनमध्ये जुनी जागा आणि तिचा फोटो यांचे नाते पहिल्यापासून सरळ नाही. तिथे काय उचलून न्यायचे, काय वाचवायचे आणि काय पुन्हा बांधायचे, या सगळ्यात फोटोंचा हात आहे.

चीनमध्ये काढलेल्या आणि आज टिकून असलेल्या फोटोंमधले सर्वांत जुने १८४४ चे आहेत. ते काढले झ्यूल इत्ये या फ्रेंच कस्टम अधिकाऱ्याने, मकाव आणि कँटन (आजचे ग्वांगझोउ) इथे. अफूच्या व्यापारावरून इंग्लंड आणि चीन यांच्यात झालेले पहिले अफूयुद्ध नुकतेच संपले होते आणि फ्रान्सचे शिष्टमंडळ तह करायला आले होते. इत्ये त्या शिष्टमंडळात होता. बंदर, रस्ते, देवळे यांच्याबरोबर त्याने तहाच्या वाटाघाटी करणारे चिनी अधिकारी छियिंग यांनाही कॅमेऱ्यापुढे बसवले. त्या कँटनशी आपल्या मुंबईचे नाते जवळचे होते. माळव्याची अफू मुंबई बंदरातूनच तिकडे जाई, जमशेटजी जीजीभॉय यांची संपत्ती त्याच अफू-कापसाच्या व्यापारातून उभी राहिली, आणि जे. जे. कलाशाळा त्यांच्या देणगीतून निघाली.

पुढचा माणूस तर थेट फौजेबरोबर आला. फेलिचे बियातो १८५८ मध्ये लखनौत उठावानंतरच्या उद्ध्वस्त इमारतींचे फोटो काढत होता. १८६० मध्ये, दुसऱ्या अफूयुद्धात, तो इंग्रज-फ्रेंच सैन्याबरोबर चीनला पोहोचला. त्या सैन्यात हिंदुस्थानी पलटणीही होत्या. ऑगस्टमध्ये किनाऱ्यावरचा ताकूचा किल्ला पडला तेव्हाची एक गोष्ट रेनी नावाच्या लष्करी डॉक्टरने लिहून ठेवली आहे: आपले फोटो होईपर्यंत प्रेते हलवू नयेत, अशी विनंती बियातो करत फिरत होता. ऑक्टोबरमध्ये सैन्य पेकिंगला (आजचे बीजिंग) पोहोचले आणि ब्रिटिश वकील लॉर्ड एल्गिनच्या हुकमावरून बादशहाचे उन्हाळी राजवाडे जाळले गेले. तिथल्या तळ्याकाठच्या एका मंडपाचा बियातोने जाळपोळीच्या आधी काढलेला फोटो शिल्लक आहे. मंडप गेला, फोटो राहिला. त्याने शहराच्या तटावरून पेकिंगचे लांबलचक पॅनोरमाही काढले. या फोटोंचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे घरी परतणारे लष्करी अधिकारी. आज ज्याला आपण प्रवासी अल्बम म्हणतो, त्याची चीनमधली सुरुवात अशी मोहिमेच्या आठवणींच्या अल्बमने झाली.

जॉन थॉमसनचे तसे नव्हते. एडिंबरोचा हा स्कॉटिश फोटोग्राफर १८६८ मध्ये हाँगकाँगला आला, तिथे स्टुडिओ थाटला, आणि मग मिन नदी, पेकिंग, यांगत्से असा भटकत राहिला. त्या काळी फोटो काढणे म्हणजे काय होते हे समजल्याशिवाय त्याच्या कामाचे मोल कळत नाही. रीत ओल्या काचेची. अंधाऱ्या तंबूत काचेवर कोलोडियनचा थर पसरायचा, ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि थर वाळायच्या आत तंबूत परत येऊन ती धुवायची. म्हणजे काचा, बाटल्या, पाणी आणि अख्खी अंधारखोली हमालांच्या खांद्यावर घेऊन गावोगाव हिंडायचे. फोटोत पकडलेल्या माणसाचे आयुष्य घटते, आणि हा परका कॅमेऱ्यातून डोंगराच्या पोटातही पाहू शकतो, असे गावकरी समजत. ते थॉमसननेच लिहिले आहे. चाओझोउच्या प्रसिद्ध पुलाचा फोटो घ्यायला तो गर्दी टाळून भल्या पहाटे गेला, तरी बाजारकऱ्यांचा जमाव दगड घेऊन धावून आला. कशीबशी होडी गाठून तो निसटला. गावकऱ्यांना भाबडे म्हणून हसण्यात अर्थ नाही. परक्यांनी नकाशे काढले, मोजमापे घेतली की मागून काय येते, हे त्या किनाऱ्याने दोन युद्धांत पाहिले होते.

थॉमसनच्या चीनवरच्या पुस्तकाचे चार खंड १८७३-७४ मध्ये लंडनमध्ये छापले गेले, २०० फोटोंचे. चीनचा फोटो म्हणजे कमानीचा पूल, नावाडी, पॅगोडा, हजामत करणारा न्हावी, हा साचा रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. चिनी फोटोग्राफर तेव्हा नव्हते असे मात्र नाही. हाँगकाँगचा लाय आफोंग थॉमसनच्या शेजारीच धंदा करत होता, आणि त्याचे काम उत्तम असल्याची पावती खुद्द थॉमसनने दिली आहे. आफोंगचे मिन नदीचे देखावे थॉमसनच्या तोडीचे आहेत, काही ठिकाणी सरस. नाव मात्र थॉमसनचे झाले, कारण पुस्तक त्याने काढले.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅमेरा अभ्यासकांच्या हाती गेला, आणि इथून गोष्ट बिघडते. फ्रेंच चीनविद एद्वार शावान १९०७ मध्ये उत्तर चीनमध्ये हिंडला. युनगांग आणि लोंगमेनच्या बौद्ध लेण्यांचे त्याने काढलेले फोटो १९०९ पासून प्रसिद्ध होऊ लागले. जपानी अभ्यासक सेकिनो तादाशी १९१८ मध्ये शांशीतल्या तियानलोंगशान लेण्यांपर्यंत पोहोचला. हेतू अभ्यासाचा होता, यात शंका नाही. पण छापलेला फोटो कुणाच्याही हाती पडतो. युरोप-अमेरिकेतल्या आणि जपानमधल्या संग्राहकांना घरबसल्या कळले की कुठल्या डोंगरात काय आहे, आणि दलालांना कळले की गिऱ्हाइकाला काय हवे आहे. १९२० च्या दशकात तियानलोंगशानच्या मूर्तींची शिरे एकामागून एक छिनली गेली. लोंगमेनच्या मधल्या बिनयांग लेण्यात बादशहा आणि सम्राज्ञी यांच्या मिरवणुकीचे दोन मोठे शिल्पपट होते. १९३० च्या दशकात तेही तुकड्या-तुकड्यांनी फोडून नेले. आज एक न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे, दुसरा कॅन्सस सिटीत. लोंगमेनला गेलेला पर्यटक त्या लेण्यात प्रवेशद्वाराच्या दोन्ही अंगांचा ओबडधोबड दगड पाहतो आणि बहुधा पुढच्या बुद्धाकडे वळतो. वेळ काढून त्या दगडाचाही फोटो घ्यावा, असे माझे मत.

पण ज्या फोटोंनी चोरांना वाट दाखवली, तेच आता पुरावे झाले आहेत. शिकागो विद्यापीठातल्या अभ्यासकांनी जुने फोटो आणि जगभर विखुरलेल्या तुकड्यांचे स्कॅन जुळवून तियानलोंगशानची लेणी संगणकावर पुन्हा उभी केली. २०२० मध्ये जपानमध्ये लिलावाला आलेले एक बुद्धशिर तियानलोंगशानच्या आठव्या लेण्यातले असल्याचे निश्चित झाले आणि त्याच वर्षी ते चीनला परतले.

वायव्य चीनमधल्या दुनह्वांगच्या बौद्ध लेण्यांची कथा याहून गुंतागुंतीची आहे. १९०८ मध्ये फ्रेंच अभ्यासक पोल पेलिओ तिथून हजारो हस्तलिखिते घेऊन गेला. त्याच्याबरोबरच्या शार्ल नुएत या फोटोग्राफरने लेण्यांतल्या भित्तिचित्रांचे फोटो घेतले आणि पुढे ते पॅरिसमध्ये छापले गेले. त्या छापील पानांत ६१ व्या लेण्यातले वुताय पर्वताचे भित्तिचित्र होते, त्यावर देवळांची नावे लिहिलेली. वास्तुविशारद लिआंग सिचेंग यांच्या ते पाहण्यात आले. तांग काळातली (सातवे ते दहावे शतक) एकही लाकडी इमारत चीनमध्ये उरलेली नाही, ती पाहायची तर जपानला नारा इथे जा, असे जपानी अभ्यासक तेव्हा सांगत. लिआंग यांना ते मान्य नव्हते. चित्रातल्या देवळांपैकी एखादे आडबाजूला अजून उभे असेल, या आशेने जून १९३७ मध्ये ते, त्यांच्या पत्नी लिन ह्वेयीन आणि सहकारी खेचरांवरून वुतायला निघाले.

फोग्वांग नावाचे देऊळ सापडले. छताच्या पोकळीत वटवाघळांचे थवे, पायाखाली धुळीचा जाड थर, लाकडात ढेकूण. तोंडाला फडके बांधून तासन्‌तास टॉर्च आणि फ्लॅशच्या उजेडात त्यांनी फोटो घेतले. तुळईवरची पुसट अक्षरे प्रथम लिन यांच्या नजरेस पडली. तिथे देणगीदार बाईचे नाव होते, आणि तेच नाव देवळापुढच्या कोरीव दगडी स्तंभावर सालासकट सापडले: इसवी सन ८५७. लुटीच्या मोहिमेत काढलेल्या फोटोने चीनला आपली तांगकालीन इमारत मिळवून दिली. आनंद साजरा करायला वेळ मिळाला नाही. ते डोंगर उतरून येईपर्यंत जपानशी युद्ध पेटले होते.

लिआंग जिथे काम करत त्या, जुन्या चिनी वास्तूंचा अभ्यास करणाऱ्या संस्थेची एक लहानशी गोष्ट मला फार आवडते. यिंगश्येनचा १०५६ सालचा लाकडी पॅगोडा अजून उभा आहे की पडला, हे पेकिंगमध्ये बसून कळेना. तेव्हा त्यांनी ‘यिंगश्येनमधला सर्वांत उत्तम फोटो स्टुडिओ’ एवढ्याच पत्त्यावर पत्र टाकले आणि पॅगोडाचा फोटो मागवला. फोटो आला. स्टुडिओवाल्याने मोबदला म्हणून पैसे नाही, पेकिंगचे पत्र लिहायचे कागद मागितले. त्याच्या गावात तसे मिळत नव्हते. हा पॅगोडा ६७ मीटर उंच आहे आणि आजही उभा आहे. युद्धात संस्थेच्या फोटोंच्या निगेटिव्ह तियानजिनमधल्या बँकेच्या तळघरात सुरक्षित म्हणून ठेवल्या होत्या. १९३९ च्या पुरात तळघर बुडाले आणि त्यांतला मोठा भाग नासला.

पेकिंगचा तट वाचवण्यासाठीही लिआंग १९५० मध्ये सरकारपुढे योजना घेऊन गेले. ती फेटाळली गेली. पुढच्या वीसेक वर्षांत तट आणि बहुतेक दरवाजे पाडले गेले; भुयारी रेल्वेने उरलासुरला भागही खाल्ला. तो तट कसा होता हे आज पाहायचे तर स्वीडिश कला-इतिहासकार ओस्वाल्ड सिरेन यांच्या १९२४ च्या पुस्तकातले फोटो बघावे लागतात. दक्षिणेचा योंगदिंग दरवाजा १९५७ मध्ये पाडला आणि २००४ मध्ये पुन्हा बांधला. त्यापुढे सेल्फी घेणाऱ्या कितीजणांना तो आपल्यापेक्षा वयाने लहान आहे हे ठाऊक असते?

माओच्या काळात हौशी प्रवास जवळजवळ नव्हताच. नोकरीच्या ठिकाणचे पत्र असल्याशिवाय परगावी मुक्काम मिळणे कठीण. स्वतःचा कॅमेरा, शांघायचा सीगल का असेना, ही चैन होती. लोक तियानआनमेन चौकात स्टुडिओच्या फोटोग्राफरपुढे ताठ उभे राहून फोटो काढून घेत. परक्यांच्या कॅमेऱ्यावरचा संशय तर इतका, की नानजिंगचा यांगत्सेवरचा पूल वाकडा दिसेल अशा कोनातून चित्रित केला म्हणून १९७४ मध्ये पक्षाच्या मुखपत्राने इटालियन दिग्दर्शक आंतोनियोनीला झोडपले.

आजची गर्दी त्यानंतरची. १९९७ मध्ये पिंगयाओ आणि लिजियांग ही जुनी गावे जागतिक वारसा यादीत आली, १९९९ पासून सरकारने आठवडाभराच्या सलग सुट्ट्या सुरू केल्या आणि पाठोपाठ डिजिटल कॅमेरा घरोघर पोहोचला. पिंगयाओचा तट १९८० च्या सुमारास पाडला जाणारच होता. शांघायच्या तोंगजी विद्यापीठाचे प्राध्यापक र्वान यीसान यांनी तो आडवे पडून वाचवला म्हणा ना. २००१ पासून तिथे आंतरराष्ट्रीय छायाचित्र महोत्सव भरतो आणि जुन्या डिझेल इंजिन कारखान्यात प्रदर्शने लागतात. लिजियांगचे उलट झाले. १९९६ च्या भूकंपानंतर गाव जुन्या धाटणीने नीट सावरले गेले, पण गर्दी वाढली तसे मूळचे नाशी जमातीचे रहिवासी घरे दुकानदारांना भाड्याने देऊन बाहेर राहायला गेले. फोटोत दिसतो तो लाकडी सज्जा खराच असतो, त्याखाली राहणारे कुटुंब मात्र नसते. हुनानमधल्या फंगह्वांगने २०१३ मध्ये गावात शिरायलाच १४८ युआनचे तिकीट लावले. दुकानदार रस्त्यावर उतरले, आणि २०१६ मध्ये ते गुंडाळावे लागले.

ली नदीवरच्या सिंगपिंगला २० युआनच्या नोटेवरचा देखावा आहे. तिथे पाणकावळे घेऊन बांबूच्या तराफ्यावर उभे राहणारे म्हातारे कोळी आता मासे धरत नाहीत. पहाटे आणि तिन्हीसांजेला फोटोग्राफरांसाठी कंदील पेटवून जाळे फेकतात आणि त्याचे पैसे घेतात. फूजियानमधल्या श्यापूला वडाखालून म्हैस हाकत नेणारा शेतकरीही ठरवून आणलेला असतो आणि झाडांमधून उतरणारे ‘धुके’ बाजूला पेटवलेल्या गवताच्या धुराचे. इशारा झाला की म्हैस पुन्हा मागे नेऊन तीच फेरी. यावर फसवणुकीचा आरोप नेहमी होतो आणि मला तो पटत नाही. थॉमसननेही आपली माणसे हवी तशी उभी केली होती. सिंगपिंगचा म्हातारा निदान भाव स्वतः सांगतो, आणि पाऊस असेल तर येत नाही.