चेट बेकरची युरोपातली रेकॉर्डिंग्ज

चेट बेकर (1929–1988) म्हणजे कूल जॅझचा (जॅझचा शांत, संयमी प्रकार) अमेरिकन ट्रंपेटवाला आणि गायक, जन्म ओक्लाहोमातला, नाव झालं 1952 मध्ये लॉस एंजेलिसला सॅक्सोफोनवाला जेरी मलिगनच्या पियानो नसलेल्या क्वार्टेटमध्ये (चौघांच्या ग्रुपमध्ये). त्याचा कॅलिफोर्नियातला देखणा फोटो सगळ्यांच्या डोक्यात पक्का बसलाय, पण त्याच्या वाजवण्यातला बराचसा ऐवज पॅरिस, रोम, कोपनहेगन असा युरोपभर पसरलाय आणि तो नुसता उतारवयातला पसारा समजून सोडून देण्यासारखा अजिबात नाही.

सुरुवात 1955 ची. ऑक्टोबरमध्ये पॅरिसला बार्कले या रेकॉर्ड कंपनीसाठी त्याने 9 रचना रेकॉर्ड केल्या, त्यातल्या 8 बॉब झीफ नावाच्या फारशा माहीत नसलेल्या कंपोझरच्या आणि एक पियानोवाला डिक ट्वार्डझिकची. हे नेहमीचं गोड गोड बॅलड (संथ प्रेमगीत) प्रकरण नाही, वाकडीतिकडी वळणं घेणारं म्युझिक आहे, पहिल्यांदा ऐकताना सम कुठे येणार तेच कळत नाही. त्यानंतर आठवडाभरात ट्वार्डझिक हेरॉइनच्या ओव्हरडोसने गेला, वय 24. बेकरने टूर सोडली नाही, पियानोवाला रने उर्त्रेजे, सॅक्सोफोनवाला बॉबी जास्पर वगैरे तिथल्याच लोकांना घेऊन पुढची रेकॉर्डिंग्ज केली.

1959 ला तो इटलीत आला. मिलानमध्ये दोन अल्बम झाले, एक छोट्या ग्रुपबरोबर आणि दुसरा 50 व्हायोलिन-चेलोवाल्यांच्या ताफ्याबरोबर (हा दुसरा जरा पाकात बुडवलेलाच वाटतो). मग 1960 च्या उन्हाळ्यात ड्रग्जच्या केसमध्ये लुक्का गावी अटक, खटला आणि वर्षाच्या वर तुरुंग. आत ट्रंपेट वाजवायची परवानगी मिळालेली आणि गावातले लोक बाहेर उभं राहून ऐकायचे असं सांगतात, खरंखोटं काहीही असो, गोष्ट भारी आहे. सुटल्यावर जानेवारी 1962 मध्ये रोमला आरसीए या रेकॉर्ड कंपनीच्या इटालियन शाखेसाठी 'चेट इज बॅक' हा अल्बम केला. सोबत जास्पर, गिटारवर रने तोमा, ड्रम्सवर डॅनियल युमेर. बेकरला मवाळ ट्रंपेटवाला म्हणणाऱ्यांनी त्यातलं 'पेंट-अप हाउस' ऐकावं, तडक आणि धारदार वाजवलंय. त्याच वर्षी चार इटालियन गाणीही गायला, चाली त्याच्या स्वतःच्या आणि अरेंजमेंट इटालियन संगीतकार एन्यो मोरिकोनेची, तेव्हा मोरिकोने अजून वेस्टर्न सिनेमांमुळे जगभर फेमस व्हायचा होता.

पुढे युरोपातल्या एकेका देशातून हाकलून देणं, 1964 ला अमेरिकेत परत, मग 1966 च्या सुमारास मारहाण आणि दात गेले. ट्रंपेटवाल्याचे दात जाणं म्हणजे धंदाच बसला, कारण सूर ओठ-दातांच्या पकडीवर तोलायचा असतो. कवळी लावून त्याने सगळं पहिल्यापासून शिकून घेतलं.

सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून तो मुख्यतः युरोपातच राहिला, राहिला म्हणजे काय तर पक्कं घर नाही, आज या शहरात उद्या त्या. सगळ्यात सरस काम याच काळातलं, असं माझं मत. 1979 मध्ये कोपनहेगनला स्टीपलचेज या रेकॉर्ड कंपनीसाठी केलेला 'द टच ऑफ युवर लिप्स' घ्या: ट्रंपेट, गिटारवर डग रेनी, बासवर नील्स-हेनिंग ऑर्स्टेड पेडरसन, बस. ड्रम्स नाहीत त्यामुळे ठेका धरायची जबाबदारी बासवर येते आणि बेकरला आवाज चढवावाच लागत नाही, दोन वाक्यांच्या मध्ये तो श्वास घेतो तोही कानावर येतो. 1985 च्या 'चेट्स चॉइस' मध्ये परत तोच साचा, गिटार फिलिप कॅथरीन, बास जाँ-लुई रासिनफोस. मात्र रोख पैसे मिळाले की कुठेही वाजवणारा माणूस, त्यामुळे रद्दड रेकॉर्ड्सही भरपूर आहेत, म्हणून नवख्याने साथीला कोण आहे ते आधी बघावं, मगच हात घालावा.

28 एप्रिल 1988 ला हॅनोव्हरमध्ये एनडीआर (उत्तर जर्मनीचा रेडिओ) बिग बँड आणि रेडिओ ऑर्केस्ट्राबरोबर मोठा कार्यक्रम रेकॉर्ड झाला. 13 मेला पहाटे ॲमस्टरडॅमला हॉटेलच्या खिडकीतून पडून तो गेला. हॅनोव्हरचं रेकॉर्डिंग नंतर एन्या कंपनीने 'द लास्ट ग्रेट कॉन्सर्ट' नावाने काढलं, त्यात 'माय फनी व्हॅलेंटाइन' आहे, मलिगनबरोबरच्या 1952 च्या रेकॉर्डिंगशेजारी ठेवून तुलना करायला सोपं पडतं.