धुरकरी (शंकरपट)

धुरकरी : बैलजोडीच्या शर्यतीत छकडी, म्हणजे शर्यतीची हलकी गाडी, हाकणारा. विदर्भात आणि त्याला लागून असलेल्या हिंगोली, नांदेड, परभणी, जालना या जिल्ह्यांत या शर्यतीला शंकरपट किंवा नुसते ‘पट’ म्हणतात. लातूर-धाराशिवकडे शर्यत आणि गाडीवान हेच शब्द अधिक चालतात. सांगली-साताऱ्याकडे शर्यतीची गाडी हाकणाऱ्याला सरळ ‘ड्रायव्हर’ म्हणतात. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील घाटातल्या (तेथे शर्यतीच्या धावपट्टीला घाट म्हणतात) बैलगाड्याशी मात्र याची गल्लत करू नये. तेथे चार बैलांचा गाडा पळतो, पुढे घोडी असते आणि गाड्यावर सहसा माणूस नसतो. पटात माणूस छकडीवर असतो आणि निकालात त्याचा वाटा मोठा असतो. तरीही या खेळावरचे बहुतेक लेखन बैलांच्या जाती आणि न्यायालयीन वाद यांभोवतीच फिरते. धुरकऱ्याकडे त्या मानाने फार थोडे लक्ष गेले आहे.

बैल जुंपून स्पर्धा जिंकल्याचा जुना भारतीय दाखला म्हणून ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील १०२ वे सूक्त पुढे केले जाते. या सूक्तात मुद्गल ऋषीने एक बैल आणि त्याच्या जोडीला द्रुघण, म्हणजे लाकडी घण, जुंपून एक हजार शंभर गायी जिंकल्याचे वर्णन आहे. रथावर आहे ती त्याची पत्नी मुद्गलानी. हे सूक्त नेमके कशाचे, याबद्दल जुन्या काळापासून मतभेद आहेत. यास्काने निरुक्त या वैदिक शब्दांचे अर्थ उलगडणाऱ्या ग्रंथाच्या नवव्या अध्यायात ही कथा सांगताना मुद्गलाने ‘आजि’ जिंकली असे म्हटले आहे. आणि आजि हा शब्द वैदिक भाषेत लढाईलाही चालतो आणि शर्यतीलाही. भाष्यपरंपरेने चोरांनी गायी पळवल्या, एक म्हातारा बैल तेवढा मागे उरला, त्यालाच जुंपून ऋषीने पाठलाग केला, अशी कथा दिली आहे. आधुनिक अभ्यासकांपैकी काहींनी याला रथांची शर्यत मानले, काहींनी गोधनासाठीची चढाई, तर काहींनी संततीशी निगडित विधीचे रूपक. सूक्तातील धावेचे, धुरेचे आणि वेगाचे तपशील पाहता शर्यतीचा अर्थ अगदीच टाकून देता येत नाही. मात्र त्यावरून आजच्या पटाची परंपरा वैदिक काळापर्यंत नेणे फारसे टिकत नाही. मधल्या सुमारे तीन हजार वर्षांचा दुवा जोडणारा पुरावा पुढे आलेला नाही. परभणी जिल्ह्यात गोदावरीकाठी मुद्गल येथे मुद्गलेश्वराचे प्रसिद्ध देवस्थान आहे. नामसाम्यामुळे ही कथा मराठवाड्याशी जोडण्याचा मोह होतो, पण त्यास सूक्तात कोणताही स्थानिक आधार नाही. या कथेतील एक गोष्ट मात्र नोंदवण्याजोगी आहे. तिच्यात बैलाच्या बरोबरीने हाकणारीचे नाव गौरवाने येते.

पटाची मुळे जत्रा आणि सुगी यांत शोधणे अधिक सयुक्तिक वाटते. रब्बीची कामे आवरली, राने मोकळी झाली की बैलांना काम नसते आणि माणसांच्या हाती थोडा वेळ असतो. पौषापासून चैत्रापर्यंतच्या जत्रा-उरुसांत, विशेषतः महाशिवरात्रीच्या आगेमागे, पट भरतात. लोकपरंपरा शंकर आणि नंदी यांच्याशी त्याचा संबंध जोडते. वेळ मोजून निकाल देण्याची आजची पद्धत बहुधा विसाव्या शतकातली असावी. इलेक्ट्रॉनिक घड्याळे त्याहून अलीकडची. आता सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत वेळ लावली जाते, आणि पहिल्या-दुसऱ्या क्रमांकात बऱ्याचदा तेवढेच अंतर असते.

पटाची छकडी शेतीच्या गाडीपेक्षा खूप हलकी असते. तिला साटा, म्हणजे माल भरण्याची चौकट, नसते. धुरकऱ्याला टेकण्यापुरती जागा असते. सुरुवातीच्या रेषेवर दोन-तीन जण बैलांच्या वेसणी धरून उभे असतात. बैल फुरफुरतात, मागे सरतात, जू कलते. झेंडी पडायच्या क्षणी दोन्ही बैलांचे पाय जमिनीला लागलेले हवेत आणि माना एका रेषेत हव्यात. एक बैल तिरपा असताना वेसण सुटली तर पहिल्या चार टांगांतच, म्हणजे ढांगांतच, छकडी एका अंगाला ओढली जाते. तो क्षण ओळखून ‘सोड’ म्हणायचे काम धुरकऱ्याचे, आणि जाणकारांच्या मते निम्मा पट तेथेच ठरतो. सुटल्यावर तो पुढे वाकून भार जुवाकडे नेतो, म्हणजे छकडी मागे उलटत नाही. कासरा आधी सैल असतो. मग जो बैल पुढे काढतो त्याच्या बाजूचा कासरा बोटभर आवळायचा, मागच्याला आवाज द्यायचा. आवळणे जरा जास्त झाले की बैल मान वर करतो आणि टांग तुटते. जोडी पटाबाहेर, म्हणजे धावपट्टीबाहेर, गेली तर फेरी बाद होते. सर्वांत अवघड असते ते रेषा ओलांडल्यावर थांबवणे, कारण पुढे माणसे उभी असतात आणि बैल अजून वेगात असतो. पटातील अपघात बऱ्याच वेळा या टप्प्यावरच होतात.

धुरकऱ्याची चढण ठरावीक वाटेने होते. मुलगा आधी घरच्या गाडीवर वडिलांच्या मागे बसतो, मग रिकामी गाडी रानातून घरी आणतो. अंगाने हलका आणि हाताने शांत असेल तर कोणीतरी त्याला सरावाच्या फेरीला बसवते. पहिला पट बहुधा ‘गावगाडा’ गटातला, म्हणजे शेतीकामाच्या बैलांचा. तेथे दोन-तीन हंगाम नाव झाले की दुसऱ्या गावचा मालक आपली जोडी त्याच्या हाती देतो. हा टप्पा महत्त्वाचा आहे: तोवर तो स्वतःच्या बैलांना ओळखत असतो, आता अनोळखी बैल काही फेऱ्यांत वाचावे लागतात. त्यानंतर ‘जनरल’, म्हणजे खुला गट, मोठी बक्षिसे, आणि ध्वनिक्षेपकावरून मालकाच्या नावापाठोपाठ त्याचेही नाव. बक्षीस, मग ते रोख असो, दुचाकी असो की ट्रॅक्टर, मालकाचे. धुरकऱ्याला ठरलेली बिदागी किंवा हिस्सा मिळतो. नामवंत धुरकऱ्यासाठी मालकांत चढाओढ लागते.

एखाद्या जोडीचा दबदबा तीन-चार हंगाम टिकला तर तो मोठा मानतात. याचे कारण बैलाच्या वयात आहे. आदत, म्हणजे कायमचे दात न आलेला गोऱ्हा, वेगवान असला तरी बुजतो. साधारण अडीच वर्षांच्या आसपास दोन दात येतात, पुढे चार आणि सहा, आणि पाचव्या वर्षाच्या सुमारास बैल जुळतो, म्हणजे त्याचे सगळे दात पुरे होतात. चार दाती ते जुळल्यानंतरची काही वर्षे हा त्याचा भर. जोडीतल्या दोघांचा भर एकाच वेळी असेल तरच जोडी सलग जिंकते, आणि एक मागे पडला की तसाच जोडीदार लवकर मिळत नाही. धुरकऱ्याचे मात्र तसे नाही. त्याची बहर वीस-बावीस वर्षांपासून पंचेचाळीशीपर्यंत चालू शकते, म्हणजे तो जोड्यांच्या चार-पाच पिढ्या पाहतो. म्हणून वेगवेगळ्या मालकांच्या, वेगवेगळ्या बैलांवर सातत्याने कमी वेळ देणारा हाच खऱ्या अर्थाने पटाचा धनी मानावा, हे जुन्या मंडळींचे मत ग्राह्य वाटते. बैल बदलूनही वेळ खाली येत राहिली तर श्रेय हाताचेच.

बैलांविषयी. मराठवाड्याच्या दोन मान्यताप्राप्त गोवंशांपैकी लाल कंधारीचे मूळ नांदेड जिल्ह्यातील कंधार परिसरात आहे आणि देवणीचे लातूर जिल्ह्यात. पशुविज्ञानाच्या संदर्भसाहित्यात लाल कंधारीला चौथ्या शतकात कंधारच्या सोमदेवराय राजाने आश्रय दिला असे वारंवार छापले जाते. हा काळ शंकास्पद आहे. कंधारचे वैभव राष्ट्रकूटांशी, विशेषतः दहाव्या शतकातील तिसऱ्या कृष्णाशी निगडित आहे आणि राष्ट्रकूटांचा उदयच आठव्या शतकाच्या मध्यातला. परंपरेत तथ्य असलेच तर ती काही शतके पुढे आणावी लागेल. देवणीचा उगम गीर, डांगी आणि स्थानिक गुरांच्या संकरातून गेल्या दोनएकशे वर्षांत झाला असे सर्वसाधारण मत आहे; वानेरा, बालंक्या आणि शेवेरा असे तिचे रंगावरून तीन प्रकार करतात. लाल कंधारी ओढकामाची, तर देवणी दूध आणि ओढ या दोन्हींसाठीची. पटाच्या वेगासाठी पसंती असते ती बहुधा खिल्लारला. हाळी-हंडरगुळीचा बाजार आणि नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा येथे बैलांची मोठी उलाढाल होते. पटाच्या बैलाला कडब्याबरोबर सरकी पेंड, भिजवलेला हरभरा, दूध देतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करून ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ असे म्हणण्याची रीत पटाच्या आणि नांगराच्या बैलाला सारखीच.

केंद्र शासनाच्या २०११ च्या अधिसूचनेने बैलाचा समावेश खेळात वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांत झाला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भारतीय पशुकल्याण मंडळ विरुद्ध ए. नागराजा या खटल्यात तमिळनाडूतील जल्लीकट्टूबरोबर महाराष्ट्रातील बैलगाडी शर्यतींवरही बंदी घातली. बैलाची शरीररचना घोड्यासारखी शर्यतीच्या धावेसाठी नाही, असे निरीक्षण त्यात होते. पुढे राज्य शासनाने बैलांच्या धावण्याच्या क्षमतेविषयीच्या अहवालाच्या आधारे याच्या उलट भूमिका मांडली. २०१७ मध्ये महाराष्ट्राने प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती केली, पण मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे शर्यती सुरू होऊ शकल्या नाहीत. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने राज्याची दुरुस्ती वैध ठरवली.

मधल्या साडेसात वर्षांचा परिणाम धुरकऱ्यांवर खोलवर झाला. २०१४ च्या भरातले बैल २०२१ पर्यंत पटाच्या वयाबाहेर गेले होते, आणि त्या काळात विशीत असलेल्या मुलांना पट मिळालाच नाही. पुन्हा पट सुरू झाले तेव्हा छकडीवर एकीकडे चाळिशीतले जुने हात होते, दुसरीकडे मोठा पट कधीच न पळवलेली पोरे. मधली फळी जवळजवळ नव्हती. नियमांमुळे हाकण्याची रीतही बदलली. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पशुवैद्यकाची तपासणी, एक हजार मीटरपेक्षा लांब धाव नाही आणि शर्यतीचे चित्रीकरण या अटींबरोबर चाबूक, टोकदार तुतारी (बैलाला टोचायची काठी), शेपटी पिरगाळणे, विजेचा धक्का यांना पूर्ण मनाई आहे. कायद्याचा भंग केल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्यामुळे तुतारीच्या बळावर जिंकणाऱ्यांची सद्दी ओसरत चालली असून कासरा आणि आवाज एवढ्यावर जोडी काढणाऱ्या धुरकऱ्यांना मागणी वाढली आहे.